चाळिसावी शिडी

मास्तरांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि कारखान्याच्या लांब भिंतीला एकोणचाळीस शिड्या टेकून उभ्या होत्या. चाळिसावी कोपऱ्यात, जुन्या चादरीखाली. सगळ्या तासलेल्या, घासलेल्या, तेल पाजलेल्या. पण एकीच्याही दांड्यावर पावलाचा शिक्का नव्हता, आणि शिक्का नसलेली शिडी या कारखान्याच्या दारातून कधी बाहेर पडली नव्हती. विजेच्या तारांचं काम बघणाऱ्या खात्याच्या खरेदीसाहेबांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं होतं: सोमवारी दुपारी गाडी येईल, शिक्क्याचा माल भरेल, बाकीचा सोडून जाईल. साहेब तसा भला माणूस. पण त्याचीच माणसं त्या शिड्यांवर चढणार, तेव्हा भलेपणा कुठवर ताणायचा हे त्याला कळत होतं.

शिक्का म्हणजे लोखंडाचा एक लहानसा ठसा. तापवून दांड्यावर दाबला की पावलाची खूण उठायची. तो मारायला अक्कल लागत नव्हती, पण मारायचा हक्क मिळवावा लागायचा. मास्तरांचा नियम असा की शिडी ज्यानं बनवली त्यानं ती तपासायची नाही, कारण स्वतःचं पोर कोणाला काळं दिसत नाही. जो विकतो त्यानं चढायचं. शिडी भिंतीला लावायची, चार हात उंचीला एक हात अंतर या मापानं. मग खालून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवून एकदा उडी मारायची, शेवटच्या तीन सोडून. उतरायचं, शिक्का मारायचा. मास्तरांनी एकतीस वर्षं हे केलं, आणि मालक झाल्या दिवसापासून स्वतःच्या हातानं शिडी बनवणं बंद केलं. नाहीतर नियम मोडला असता.

आता मालकीण होती मास्तरांची धाकटी लेक. आणि धाकटीला तिसऱ्या पायरीवर घेरी येत होती.

हसू नका. लहानपणी ही मुलगी कारखान्यातल्या प्रत्येक शिडीवर सरसर चढायची. बाप तिला खार म्हणायचा. अकराव्या वर्षी आठव्या पायरीवरून पडली, मनगट मोडलं, ते नीट जुळलंही. पण मनात जे मोडलं त्याला प्लॅस्टर घालता येत नाही. पुढे कोणी तिला खार म्हटलं नाही. ती कारखान्याचं टपाल, लाकडाची खरेदी, गिऱ्हाइकांची बोलणी बघायला लागली. पायरीचं टोक बोटानं चाचपून लाकूड किती वाळलंय ते ती सांगायची. पाय मात्र जमिनीवर. मास्तरांनी तिला एकदाही चढ म्हटलं नाही. "वरचं मी बघतो, खालचं तू बघ," एवढंच म्हणायचे.

शनिवारी सकाळी तिचा दादा कारखान्यात आला. तो दूरच्या शहरात मोठ्या कचेरीत होता, रविवारच्या स्मरणसभेसाठी आला होता, आणि येताना भाषण लिहूनच आला होता. भाषणात वडिलांना दोनदा दीपस्तंभ आणि एकदा वटवृक्ष म्हटलं होतं. घरातल्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय वीस वर्षं घडी घातलेल्या कागदावर उभा होता, याचा उल्लेख नव्हता. मास्तर सगळ्या गावाला सरळ उभं राहायला शिकवायचे आणि घरातलं टेबल म्हणजे दिव्याखालचा अंधार.

"शिक्का मार आणि मोकळी हो," दादा म्हणाला. "मिस्त्रीनं बनवल्यात. तो काय आज शिकतोय?"

"चढल्याशिवाय?"

"कोण बघायला येतंय? अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"दादा, तारेवर काम करणारा माणूस मुठीवर चढत नाही, शिडीवर चढतो."

दादानं सुस्कारा सोडला. तो वाईट नव्हता. त्याला बहीण या भुशात अडकून पडायला नको होती. जागेला गिऱ्हाईक तयार होतं, आणि दोघांत ठरलं होतं की सोमवारी माल गेला तर कारखाना धाकटीनं चालवायचा, नाही गेला तर जागा द्यायची. "मग मिस्त्रीला चढव," तो म्हणाला.

"बनवणारा चढत नाही."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुम्हा बापलेकीला बघूनच म्हटलं असणार," असं म्हणून तो कारखान्याच्या कचेरीत जाऊन बसला. काचेतून मात्र बघत राहिला.

मिस्त्रीनं पहिली शिडी भिंतीला लावली, अंतर मोजलं, आणि दोन्ही दांडे धरून उभा राहिला. तीस वर्षांपूर्वी तो मास्तरांच्या संध्याकाळच्या वर्गात शिकायला आला होता. मास्तर दिवसभर कारखाना चालवायचे आणि संध्याकाळी कामगारांच्या शाळेत भूमिती शिकवायचे, आणि प्रत्येकाकडून एक शिडी करून घ्यायचे. रंगारी, वायरमन, गवंडी, सगळे दिवसभर दमून आलेले. त्यांच्यापुढे मास्तर त्रिकोणाची व्याख्या कधी फळ्यावर लिहीत नसत. खरी शिडी खऱ्या भिंतीला लावायचे आणि विचारायचे, "ही पडेल का? कोण पैज घेतो?" झोपलेलासुद्धा जागा व्हायचा.

धाकटीनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरी. तिसरीवर फरशी डावीकडे सरकली आणि तळहातांना असा घाम फुटला की दांडा निसटेल असं वाटलं. ती उतरली.

"ताई, पाणी?"

"नको." ती परत चढली. परत तिसरी, परत उतरली. कचेरीच्या काचेमागे दादा उठून उभा राहिला. चौथ्या खेपेला ती तिसऱ्या पायरीवर थांबली आणि डोळे मिटणार, तेवढ्यात तिला बापाचं शाळेतलं वाक्य आठवलं. नव्या पोरांना ते सांगायचे: खाली बघू नका, वर तर मुळीच बघू नका, नाकासमोरच्या पायरीची पाचर बघा. ती नीट आहे ना, एवढंच बघा, मग पुढची.

तिनं पाचर बघितली. पायरीचं टोक दांड्यातल्या भोकातून बाहेर येतं, त्याला चीर देऊन लाकडी पाचर ठोकायची, म्हणजे टोक फुगून घट्ट बसतं. आणि पाचर दांड्याच्या रेषांना आडवीच हवी. उभी ठोकली तर दांडा रेषेवरून उकलतो, आज नाही तर वर्षानं. हे ती नवव्या वर्षी शिकली होती, पाढ्यांच्या आधी. समोरची पाचर आडवी होती, चोख. तिनं उडी मारली. अगदी बेताची, चिमणी उडावी एवढीच, पण मारली. मग चौथी पायरी. तिथली पाचरही आडवी.

नवव्या पायरीवरून उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. शिक्का तापलेला होता. तिनं तो दांड्यावर दाबला, लाकूड चरचरलं, धूर निघाला.

"एक," ती म्हणाली.

त्या दिवशी तिला सवय वगैरे काही झाली नाही. गोष्टीत होते तशी भीती पळून जात नसते. सातव्या शिडीला तिला ओकारी आली. अठराव्याला ती मिस्त्रीवर उगाच ओरडली आणि मग माफी मागितली. पंचविसाव्याला दादा कोट काढून आला आणि दुसरा दांडा धरून उभा राहिला. भीती सगळ्या वेळ सोबत होती, फक्त आता ती मागे बसली होती आणि धाकटी पुढे. एकतिसावी शिडी तिनं बाजूला काढली, सहावी पायरी किंचित फिरत होती. मिस्त्रीचं तोंड उतरलं, पण त्यानं तिथल्या तिथे पायरी काढून नवी बसवली, आणि ती पुन्हा खालपासून चढली. उन्हं कलली तेव्हा एकोणचाळीस शिक्के झाले होते.

ती कोपऱ्याकडे वळली आणि चादर ओढली.

ही मास्तरांची शेवटची शिडी. आजारपणाच्या आधीच्या महिन्यात त्यांना एकाएकी हुक्की आली होती की एकतीस वर्षांनी एक शिडी स्वतः करायची. बोटं थरथरायची, नजर अधू झाली होती, तरी रोज तासभर ते तिच्यापाशी बसायचे. झाली आणि ते अंथरुणाला खिळले. त्यांचा फोटो आणि ही शिडी शाळेच्या सभागृहात लावायची, ही कल्पना मिस्त्रीची. मागणीतली चाळिसावी तो दुसरी करून देणार होता.

"ती राहू द्या ताई," मिस्त्री पटकन म्हणाला. "ती भिंतीवर जायचीय. तिच्यावर कोण चढतंय?"

"बनवणाऱ्यानं तपासली नाही. विकणाऱ्यानं तपासली नाही. या दारातून बाहेर जाणार आहे ना?"

"दमलाय तुम्ही."

"मिस्त्रीकाका, लावा भिंतीला."

त्यानं लावली. माप घेताना त्याचा हात दोनदा चुकला. धाकटी चढली. ही शिडी इतकी देखणी होती की ती पायरी-पायरीवरून हात फिरवत वर गेली. प्रत्येक पायरी मधोमध जराशी चपटी केलेली, पायाला आधार वाटावा म्हणून. आता हे कोणी करत नाही. सातव्या पायरीपर्यंत पाचरी आरशासारख्या स्वच्छ. आठवीवर तिनं उडी मारली आणि लाकूड बोललं. मोठ्यानं नाही. कट्, एवढंच.

ती खाली उतरली नाही. तिथेच उभी राहून तिनं केसातली पिन काढली आणि आठव्या पायरीच्या टोकाशी खरवडलं. तिथे लाकूड नव्हतंच. भुसा आणि सरस कालवून भरलेला होता, वरून तेलाचा हात. लिंपण निघालं आणि खालची पाचर दिसली. उभी. रेषेच्या दिशेनं ठोकलेली, आणि तिच्या दोन्ही टोकांना दांड्यात केसाएवढी चीर.

पहिल्या वर्षाच्या पोरानंही करू नये अशी चूक, आणि ती केली होती एकतीस वर्षं ती न करायला शिकवणाऱ्यानं.

खाली मिस्त्री दांडा धरून रडत होता. चांगला पन्नाशीचा गडी, खांदे गदगदत होते. "मला दुसऱ्या दिवशी दिसली," तो म्हणाला. "कसं सांगू, ताई? कोणत्या तोंडानं? ज्या माणसानं मला पाचर धरायला शिकवली त्याला म्हणू, मास्तर, तुमची उभी बसलीय? ते अंथरुणावर. म्हणून बुजवली. म्हटलं भिंतीवर लावू, शोभेल, कोणी चढायचं नाही."

आणि मग तो जे सांगायला लागला ते धाकटीनं लहानपणापासून ऐकलं होतं, पण आजच्यासारखं कधी ऐकलं नव्हतं. मिस्त्रीची पहिली शिडी मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर करवतीनं मधोमध कापली होती. खोट निघालेली शिडी दुरुस्त होण्यासारखी असेल तर दुरुस्त करायची. दांडा उकलला असेल तर तिथेच, सगळ्यांदेखत, कापायची. कोपऱ्यात ठेवायची नाही. कारण कोपऱ्यात ठेवलेली शिडी कोणीतरी घाईत उचलतोच. मिस्त्रीनं तेव्हा शाळा सोडायचं ठरवलं होतं. मास्तर त्याला हाताला धरून घरी घेऊन गेले, डगमगत्या टेबलाशी जेवायला बसवलं आणि म्हणाले, "शिडी कापली, तुला नाही कापलं. जेव."

दादानं घसा खाकरला. "ठीक आहे. आता कळलं ना? परत बुजवू. उद्या शंभर माणसं येणार. त्यांच्या मनातले बाबा तसेच राहू देत. भिंतीवरच्या शिडीनं कोणाचं वाईट होणार आहे?"

धाकटी शिडीवरून उतरली. पहिल्यांदाच त्या दिवशी तिचे पाय थरथरत नव्हते. "शाळेच्या सभागृहातला दिवा गेला की शिपाई काय करतो?"

दादा छतावरच्या दिव्याकडे बघायला लागला.

"जवळची शिडी उचलतो," तीच म्हणाली. "आणि ही सगळ्यात जवळची असेल. वर बाबांचं नाव असेल, म्हणजे तो डोळे झाकून चढेल."

रविवारी सकाळी मिस्त्रीनं मागणीतली चाळिसावी शिडी केली. पाचरी धाकटीनं ठोकायला घेतल्या आणि मिस्त्रीनं तिला थांबवलं. "ताई, तुम्ही चढणार ना? मग बनवू नका." तिनं हातोडी त्याच्याकडे दिली. दुपारी ती चढली, शिक्का मारला आणि शाळेत गेली.

सभागृह गच्च भरलं होतं. मास्तरांचे विद्यार्थी आता स्वतः ठेकेदार, कारागीर, आजोबा झाले होते. फोटोशेजारी शिडी भिंतीला लावलेली, चार हातांना एक हात. मिस्त्रीनं दुसऱ्या कुठल्या मापानं लावलीच नसती. आई पहिल्या रांगेत होती. दादानं भाषण खिशातून काढलं, बघितलं, आणि परत खिशात घातलं. तो एवढंच म्हणाला, "बाबा माझा गृहपाठ सुताराच्या जाड पेन्सिलीनं तपासायचे. वही फाटायची. मला खूप राग यायचा. आता ती वही सापडत नाहीये." आणि खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

मग धाकटी उठली. तिच्या हातात करवत होती. कुजबुज झाली आणि थांबली.

"ही मास्तरांनी केलेली शेवटची शिडी," ती म्हणाली. "मी काल हिच्यावर चढले. आठव्या पायरीची पाचर उभी आहे. दांडा उकललाय. तुम्ही सगळे त्यांच्या वर्गात बसलाय. उकललेल्या शिडीचं काय करायचं, सांगा."

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या रंगाऱ्याचा आवाज आला, "असू दे गं पोरी. शेवटची आहे त्यांची."

"काका, तुमची पहिली होती तेव्हा त्यांनी असू दिली होती का?"

रंगाऱ्यानं मान खाली घातली. मग हळूच नाही म्हणून हलवली.

तिनं शिडी आडवी केली, दोन बाकांवर ठेवली. मिस्त्री न बोलावता आला, गुडघा दांड्यावर रोवला. करवतीचा पहिला हात बसला तेव्हा तिला वाटलं, आपण हे काय करतोय, जगात दुसरी नाही अशी वस्तू आपण कापतोय. तरी हात चालूच राहिला. लाकूड उत्तम वाळलेलं होतं. भुसा पिठासारखा पडत होता. पहिला दांडा तुटला. दुसऱ्याला दादा पुढे आला आणि त्यानं दांड्याचं दुसरं टोक धरलं. कालपर्यंत बापाच्या कारखान्यातल्या कामाला त्यानं उभ्या आयुष्यात हात लावला नव्हता. दुसरा दांडा तुटला आणि शिडीचे दोन तुकडे झाले. मागच्या रांगेतला रंगारी उभा राहिला. मग सगळे उभे राहिले.

उभ्या पाचरीचा तुकडा शाळेनं मागून घेतला, पहिल्या वर्षाच्या वर्गात ठेवायला. खाली लिहायचं काय असं विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "कोणी केली ते लिहा. लपवू नका."

लोक पांगले. आई अजून पहिल्या रांगेतच बसली होती. धाकटी तिच्याजवळ गेली, अंगावर भुसा तसाच. तिला आईची भीती वाटत होती, शिडीपेक्षा जास्त.

"आई, रागावलीस?"

आईनं तिच्या केसातला भुसा काढला. बराच वेळ काढत राहिली. "तुला एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "राहिलं नाही, मीच ठेवलं. शेवटच्या आठवड्यात हे म्हणाले, त्या शिडीत काहीतरी चुकलंय. हाताला कळतंय, डोळ्याला दिसत नाही. म्हणाले, खारीला चढू दे."

तो शब्द घरात किती वर्षांनी उच्चारला गेला होता.

"मी नाही सांगितलं," आई म्हणाली. "म्हटलं, पोर परत पडेल. मला तुझं मनगट आठवत होतं."

"आणि चूक सापडली तर काय करायचं, ते काही म्हणाले?"

"मी विचारलं होतं," आई म्हणाली. "म्हणाले, ते तिला सांगावं लागणार नाही."

धाकटी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, मोकळेपणी. मग डोळे पुसले, करवत उचलली आणि दादाला म्हणाली की उद्या गाडी भरेपर्यंत थांब, शिड्या चढवायला माणूस कमी आहे.